‘इफ’ शिकवायच्या आधी आपलं ‘जर-तर’ शिकवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दहावी-बारावीचे निकाल लागले की पेपरात इंग्रजीत राहिलेल्या मुलांवर चर्चा होते, माध्यम मराठी असावं की इंग्रजी यावर वाद होतो, आणि 2000 साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं तेव्हापासून ते बरोबर की चूक हे तर आजही चालूच आहे. पण इंग्रजीच्या तासाला फळ्यावर नेमकं काय लिहिलं जातं यावर फार कुणी लिहीत नाही. मी तालुक्याच्या गावी मराठी माध्यमाच्या शाळेत आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवते, आणि आज मला फक्त एका घटकाबद्दल लिहायचंय, इफची वाक्यं आणि त्यात कुठला टेन्स कुठे वापरायचा. विषय छोटा वाटेल, पण मराठी मुलाला इंग्रजी अवघड का जातं आणि ते किती सोपं करता येऊ शकतं हे या एका घटकात जेवढं स्वच्छ दिसतं तेवढं दुसरीकडे कुठे दिसत नाही असं माझं ठाम मत आहे.

सध्या काय होतं ते सांगते. फळ्यावर तीन रकाने काढायचे, फर्स्ट कंडिशनल, सेकंड कंडिशनल, थर्ड कंडिशनल. पहिल्यात इफ प्लस प्रेझेंट आणि पुढे विल, दुसऱ्यात इफ प्लस पास्ट आणि पुढे वुड, तिसऱ्यात इफ प्लस हॅड आणि पुढे वुड हॅव. मुलं पाठ करतात, गाईडमधल्या गाळलेल्या जागा धडाधड भरतात, मार्कही मिळतात. आणि त्याच मुलाला सांगा की बाबा, ‘काल मला माहीत असतं तर मी आलो असतो’ हे इंग्रजीत बोल, की तो गप्प. कारण त्याला रकाने माहीत आहेत पण कुठल्या वेळी कुठल्या रकान्यात जायचं हे कुणी सांगितलेलंच नाही. रकान्यांवर अर्थ लिहिलेला नसतो, नुसते नंबर असतात.

खरं तर या सगळ्याची गुरुकिल्ली मुलाच्या तोंडात आधीपासून आहे. इंग्रजीच्या ‘इफ’मध्ये मुलांना सगळ्यात जास्त विचित्र काय वाटतं, तर गोष्ट उद्याची आहे आणि क्रियापद पास्ट टेन्समध्ये. ‘इफ आय वन द लॉटरी टुमॉरो’ म्हटलं की मुलं लगेच विचारतात, मॅडम, टुमॉरो आहे तर वन कसं? आता याच मुलाला आई घरातून हाक मारते, आणि तो गल्लीत बॅट हातात घेऊन ओरडतो, ‘आलो आलो!’ तो आलाय का? अजिबात नाही, अजून दोन ओव्हर खेळणारे. पण क्रियापद भूतकाळाचं. परीक्षा तोंडावर आली की ‘आता मेलो’ म्हणतो, ‘पाच मिनिटांत पोचलो’ असं फोनवर सांगतो आणि अजून घरातच असतो. ऑफिसात कुणी साहेबांच्या दारात उभं राहून ‘सर, मला एक विचारायचं होतं’ म्हणतो, होतं कशाला, आत्ताच तर विचारायचंय ना. म्हणजे भूतकाळाचं रूप भूतकाळ सोडून इतर कामांनाही वापरतात हे मराठी मुलाला शिकवायचीच गरज नाही, तो ते रोज करतो, फक्त त्याला कुणी दाखवून दिलेलं नाही.

आपल्या व्याकरणात तर हे आधीच लिहून ठेवलंय. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं लाख्यात, ताख्यात, ईलाख्यात अशी नावं पाठ करतात, ती नावं क्रियापदाच्या प्रत्ययावरून दिलेली आहेत, काळावरून नाही. ‘पडला’ हे लाख्यात, मग ते कालच्या पावसाबद्दल असो नाहीतर ‘उद्या पाऊस पडला तर मॅच रद्द’ असं उद्याच्या पावसाबद्दल असो. रूप वेगळं आणि वेळ वेगळी, ही समज मराठी व्याकरणात आहे, आणि इंग्रजीच्या तासाला मात्र आपण पास्ट टेन्स म्हणजे भूतकाळ असं पाचवीत एकदा सांगतो आणि मग आयुष्यभर तेच धरून बसतो. तिथून गोंधळ सुरू होतो.

इंग्रजीत पास्टचं रूप दोन कामं करतं. एक म्हणजे कालची गोष्ट सांगणं. दुसरं म्हणजे ही गोष्ट खऱ्यापासून लांब आहे, नुसती कल्पना आहे असं सांगणं. ‘आय विश आय न्यू’, ‘इट्स टाइम वी लेफ्ट’, ‘कुड यू हेल्प मी’ या सगळ्यात तेच दुसरं काम चाललेलं आहे, यातलं काहीच काल घडलेलं नाही. हे एकदा कळलं की ‘इफ आय हॅड अ कार’ मधला हॅड कळतो, गाडी नाहीये आणि नाहीये हे मला माहीत आहे, म्हणून क्रियापद एक पाऊल मागे नेलं. ‘इफ आय वेअर यू’ मधला वेअर तर त्याहून जुना आहे, इंग्रजीत पूर्वी कल्पनेसाठी वेगळी रूपं होती, ती झिजत झिजत साध्या पास्टमध्ये मिसळून गेली, फक्त हा एक वेअर ‘आय’च्या आणि ‘ही’च्या शेजारी उभा राहिलाय. बोलताना आता पुष्कळ इंग्रज लोक ‘वॉज’ म्हणतात, पण लिहिताना आणि परीक्षेत वेअरच लिहावं. एवढं सांगितलं की ‘आयच्या पुढे वेअर कसं, ते तर अनेकवचन’ हा प्रश्न निघत नाही.

आता आपल्या असेल आणि असता कडे येते, कारण खरी गंमत तिथे आहे. स्वारगेटहून कराडला यायला बहीण निघालीये, फोन लागत नाहीये. घरात कुणी म्हणतं, ‘ती सहाच्या एसटीने निघाली असेल तर आत्तापर्यंत पोचली असेल.’ आणि बहीण आलीच नाही, पुण्यातच राहिली, तर तेच माणूस म्हणतं, ‘सहाच्या एसटीने निघाली असती तर आत्ता इथे असती.’ शाळेत न गेलेली आजीसुद्धा या दोन वाक्यांत घोटाळा करत नाही. पहिल्यात निघाली की नाही माहीत नाही, दार उघडं आहे. दुसऱ्यात नाही निघाली हे नक्की आहे. इंग्रजीत पहिलं होतं ‘इफ शी टुक द सिक्स ओक्लॉक बस, शी मस्ट बी हिअर बाय नाऊ’, दुसरं होतं ‘इफ शी हॅड टेकन द सिक्स ओक्लॉक बस, शी वुड बी हिअर बाय नाऊ’. आता बघा, पहिलं वाक्य फळ्यावरच्या तीन रकान्यांत कुठेच बसत नाही, इफपुढे पास्ट आहे म्हणून मूल त्याला सेकंड कंडिशनल समजतं आणि पुढे वुड ठोकून देतं, आणि अर्थाचं वाटोळं होतं. दुसरं पण बसत नाही, कारण एका बाजूला तिसरा रकाना आणि दुसऱ्या बाजूला दुसरा. गाईडवाले त्याला मिक्स्ड कंडिशनल म्हणतात आणि शेवटच्या पानावर टाकतात, बहुतेक शाळांत तिथपर्यंत कुणी पोचतच नाही. पण मराठीत या वाक्यात काही मिक्स नाही, काही अवघड नाही. ‘इंजिनिअरिंग केलं असतं तर आज बंगळुरात असतो’ हे वाक्य कुठल्याही चहाच्या टपरीवर ऐकायला मिळतं, केलं असतं म्हणजे हॅड डन, असतो म्हणजे वुड बी, सरळ एकास एक.

म्हणून माझं म्हणणं असं की पहिला प्रश्न नंबरचा नसावाच. पहिला प्रश्न असावा, मराठीत असेल म्हणशील की असता म्हणशील? उत्तर ‘असेल’ असेल, किंवा साधं ‘पडला तर, आलास तर’ असेल, तर इंग्रजीत टेन्स आपापल्या खऱ्या वेळेवर राहतो, कालचं असेल तर पास्ट, आत्ताचं असेल तर प्रेझेंट, फक्त उद्याचं असलं तरी इफच्या बाजूला साधा प्रेझेंट घ्यायचा, जसं आपण सुद्धा ‘पाऊस पडला तर’ म्हणतो, ‘पाऊस पडेल तर’ सहसा म्हणत नाही. आणि असता आला की क्रियापद मागे सरकवायचं. निम्म्याहून जास्त काम इथेच होतं.

आता जिथे मराठी मदत करत नाही ते पण प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे, नाहीतर कुणी म्हणेल मराठीत सगळं आहे असा हट्ट आहे. ‘माझ्याकडे गाडी असती तर तुला सोडलं असतं’ हे वाक्य घ्या. हे मी आत्ता तुमच्यासमोर रस्त्यावर उभी राहून बोलते आहे की गेल्या दिवाळीची गोष्ट सांगते आहे? मराठीत दोन्ही वेळी वाक्य अगदी तेच राहतं, कधीचं आहे ते संदर्भावरून कळतं. इंग्रजीत ते चालत नाही. आत्ताचं असेल तर ‘इफ आय हॅड अ कार, आय वुड ड्रॉप यू’, दिवाळीचं असेल तर ‘इफ आय हॅड हॅड अ कार, आय वुड हॅव ड्रॉप्ड यू’. मराठी मूल ‘सोडलं असतं’ ऐकून दोन्हीकडे ‘वुड हॅव ड्रॉप्ड’ लिहितं, आणि लिहिणारच, कारण त्याच्या भाषेत तो भेद रूपात नाहीच. हा आपल्या मुलांचा खरा अडथळा आहे आणि गाईडमध्ये यावर एक ओळ नसते, कारण ती गाईडं मराठी मुलाला समोर ठेवून लिहिलेलीच नसतात. इथे वेळ द्यायला हवा. मी मुलांना विचारते, कधीचं बोलतोयस? आत्ताचं किंवा पुढचं असेल तर एक पाऊल मागे, हॅव चं हॅड, विल चं वुड. मागचंच असेल तर दोन पावलं मागे, हॅड चं हॅड हॅड, आणि वुड च्या पुढे हॅव. हॅड हॅड बघून सुरुवातीला मुलं हसतात, छापायची चूक आहे का विचारतात, पण पहिला हॅड पाऊल मागे नेणारा आणि दुसरा हॅड म्हणजे ‘जवळ असणं’ हे कळलं की हसणं थांबतं आणि स्वतः वाक्यं करायला लागतात.

दुसरा अडथळाही आपल्या असता मधूनच येतो. मराठीत दोन्ही बाजू सारख्या, ‘माहीत असतं तर आले असते’, इकडे पण असतं आणि तिकडे पण असते. त्यामुळे मूल इंग्रजीत पण दोन्ही बाजू सारख्या करतं, ‘इफ आय वुड हॅव नोन, आय वुड हॅव कम’. हे फक्त शाळेतल्या मुलांचं नाही, पुण्या-मुंबईच्या कंपन्यांमध्ये वर्षानुवर्षं काम करणारे लोक क्लायंटला मेल लिहिताना ‘इफ यू वुड हॅव इन्फॉर्म्ड अस’ असं लिहितात. अमेरिकेत बोलताना असं पुष्कळ लोक बोलतात हे खरं आहे, त्याचं एक कारण असंही की हॅड आणि वुड दोन्ही घाईत बोलताना ‘आयड’ असेच ऐकू येतात, कानाला फरक कळतच नाही. पण लिहिलेल्या इंग्रजीत ते चूकच धरतात. मुलाला नुसतं चूक म्हणून लाल रेघ मारण्यापेक्षा सांगावं की बाळा, तुझं मराठी डोकं बरोबर चाललंय, मराठीत दोन्हीकडे असतं येतं, इंग्रजीत मात्र ‘जर’च्या बाजूला हॅड आणि ‘तर’च्या बाजूला वुड हॅव अशी वाटणी आहे. चूक कुठून आली हे कळलं की ती परत परत होत नाही हा माझा अनुभव आहे.

आणि तो एक नियम, ‘इफनंतर विल किंवा वुड कधीही येत नाही’, हा तर कृपया फळ्यावरून पुसून टाका. याच्यामुळे फार नुकसान होतं. ‘तो उद्या येईल की नाही मला माहीत नाही’ याचं इंग्रजी ‘आय डोन्ट नो इफ ही विल कम टुमॉरो’, इथे विल पाहिजेच, कारण हा इफ ‘जर’ नाहीच, हा ‘की नाही’ आहे. नियम पाठ केलेलं हुशार मूल इथे ‘इफ ही कम्स’ लिहितं. आणि आपणच त्याच मुलाला रजेचा अर्ज शिकवतो, ‘आय शॅल बी ग्रेटफुल इफ यू वुड ग्रँट मी लीव्ह’, मग तिथे इफच्या पुढे वुड कुठून आलं? ते बरोबरच आहे, तिथे वुड म्हणजे ‘आपण कृपा करून द्याल तर’, समोरच्याची मर्जी. ‘इफ यू विल वेट अ मिनिट’ मध्ये पण तेच, थांबण्याची तयारी दाखवाल तर. नियम असा सांगायला हवा की नुसती पुढची वेळ दाखवायला इफच्या बाजूला विल लागत नाही, मर्जी दाखवायची असेल तर येतो. हे आठवीच्या मुलाला कळतं, मुलांना आपण उगाच कमी समजतो.

अनलेस बद्दल पण थोडं बोलते, कारण बोर्डाच्या परीक्षेत इफ काढून अनलेस घाला असा प्रश्न ठरलेला. मुलांना युक्ती शिकवली जाते, नॉट काढायचा आणि इफच्या जागी अनलेस ठेवायचा. ‘इफ यू डोन्ट स्टडी, यू विल फेल’ याला ती युक्ती चालते. पण ‘ती आजारी नसती तर आली असती’ याला लावा, ‘इफ शी हॅड नॉट बीन इल’ चं ‘अनलेस शी हॅड बीन इल’ होऊन बसतं आणि अर्थ काही लागत नाही. मराठीत विचारून बघा, ‘अभ्यास केल्याशिवाय पास होणार नाहीस’ हे चालतं, ‘आजारी असल्याशिवाय ती आली असती’ हे कुणी म्हणेल का? मुलाच्या कानालाच ते खटकतं. म्हणजे युक्ती कुठे थांबवायची हे सुद्धा मराठी सांगते.

काही सहकारी म्हणतात की इंग्रजीच्या तासाला मराठी बोललं की मुलांना इंग्रजीची सवय लागत नाही, सगळा तास इंग्रजीतच हवा. सवयीचं म्हणणं मला मान्य आहे, गोष्टी सांगताना, कविता घेताना, सूचना देताना मी पण इंग्रजीच बोलते. पण व्याकरणाचा एवढा नाजूक मुद्दा, तो सुद्धा अर्धा तास, ज्या भाषेत मूल विचार करतं त्या भाषेत समजावला तर काय बिघडतं? नाहीतरी मूल मनातल्या मनात मराठीतून भाषांतर करतंच, ते आपण थांबवू शकत नाही, मग ते चोरून आणि चुकीचं करण्यापेक्षा उघडपणे आणि नीट केलेलं बरं. सेमी इंग्रजीच्या मुलांचं तर अजून एक आहे, त्यांचा भूमितीचा इफ वेगळा. ‘इफ अ ट्रान्सव्हर्सल इंटरसेक्ट्स टू पॅरलल लाइन्स’ यात दोन्हीकडे साधा प्रेझेंट, कारण ते नेहमीचं सत्य. आणि मराठी पुस्तकात त्याच प्रमेयाला ‘छेदले असता’ असतं, तो ‘असता’ बदलत नाही, असती-असते होत नाही, त्याचा कल्पनेशी संबंध नाही. मराठी आणि सेमी दोन्ही तुकड्या शिकवणाऱ्यांनी हा फरक जरूर सांगावा, माझ्या वर्गात एका मुलीने आपणहून विचारला होता.

आता मागणं. मराठीच्या तासाला क्रियापदाचे अर्थ शिकवतात, स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. ‘पाऊस पडला असता तर पीक चांगले आले असते’ हे संकेतार्थाचं उदाहरण पिढ्यान् पिढ्या मुलं लिहितायत. आणि पुढच्याच तासाला इंग्रजीची बाई येऊन इफ-क्लॉज शिकवते, आणि हे दोन्ही एकच आहे हे ना मराठीची बाई सांगते ना इंग्रजीची. मराठीचं आणि इंग्रजीचं, दोन्ही पुस्तकं बालभारतीच तयार करते. या दोन विषयांच्या समित्यांनी एकदा एकत्र बसून हे दोन धडे एकमेकांना जोडले, वर्षाच्या एकाच महिन्यात ठेवले आणि मराठी माध्यमाच्या इंग्रजी पुस्तकात एक पान असेल-असता साठी दिलं तर त्याला ना जादा तास लागणार ना जादा शिक्षक. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये मातृभाषेच्या आधाराने शिकण्यावर एवढा भर दिलाय, तर त्याची सुरुवात करायला हे पान उत्तम आहे.

आणि बोर्डाच्या प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना विनंती, कंसात क्रियापद देऊन गाळलेली जागा भरा हा प्रश्न कमी करा. त्याऐवजी प्रसंग द्या. एका मुलाची सहाची बस चुकली, परीक्षा बुडाली, आता त्याच्या वतीने एक वाक्य लिहा. किंवा दोन वाक्यं द्या, ‘इफ शी टुक’ आणि ‘इफ शी हॅड टेकन’, आणि विचारा, कुठल्या वाक्यात ती बसमध्ये असण्याची शक्यता अजून आहे? उत्तर मराठीत लिहिलं तरी मार्क द्या. असा प्रश्न एकदा पेपरात आला की पुढच्या जूनपासून गाईडं बदलतील आणि क्लासवाले पण बदलतील, कारण जे पेपरात येतं तेच सगळीकडे शिकवलं जातं.

आपली,
एक माध्यमिक शिक्षिका,
सातारा जिल्हा